सासऱ्याच्या पाठीला पाय

पायाळू माणसाला आपल्याकडे मोठा मान असतो म्हणतात. माधवीला विचारा एकदा. मान कसला, डोक्याला ताप. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय पुढे करून आली, एवढंच तिचं कर्तृत्व; पण त्यावर निम्म्या लोधिवलीच्या कमरेला तिचा पाय लागला होता. कुणाला उसण भरली, वाकताना कमरेत चमक निघाली की सकाळी उठल्या उठल्या, कुणाशी न बोलता यायचं, उंबऱ्यावर पाठ करून बसायचं, आणि पायाळू माणसानं डाव्या पायानं कमरेला हलकीशी लाथ द्यायची. मग मागे न बघता निघून जायचं. पोरगी शाळेच्या घाईत वेणी घालत असायची आणि दारात कुणीतरी बाप्या पाठ करून बसलेला. आई म्हणायची, "जा गं, लाव पाय, पुण्य लागंल." पुण्याचं काय झालं देव जाणे, लाथा मात्र पुष्कळ मारून झाल्या.

लग्न होऊन दहिवलीला आली तेव्हा वाटलं, सुटले बाई एकदाची. कसलं सुटतेय. सासूनं, आनंदीबाईनं, हळद उतरायच्या आत आळीभर करून टाकलं, "आमची सून पायाळू हाय." झालं. माधवी कर्जतच्या बाजारात मेडिकलच्या दुकानात काउंटरवर बसते. दिवसभर कमरेचे पट्टे आणि मलमं विकायची आणि सकाळी घरी लाथ फुकट. नवरा, किरण, खोपोलीच्या कंपनीत कामाला; तो चेष्टा करायचा, "मालकाचा धंदा बुडवशील तू एक दिवस."

एक पाठ मात्र तिच्या पायातून सुटली होती. सासऱ्याची. सहदेव मामांची कंबर कधी धरत नव्हती असं नाही, शेतकऱ्याची कंबर ती. पण सुनेचा पाय सासऱ्याला लागणं त्यांना पटत नव्हतं. अंथरुणं घालताना चुकून तिचा पाय लागला तरी तिनं वाकून नमस्कार करायचा आणि मामांनी "असूं दे" म्हणायचं, अशी त्या घरची रीत. म्हणून दिवाळीनंतर, भाताची झोडणी उरकली त्या सुमाराला, एका सकाळी माधवी न्हाणीतून आली आणि उंबऱ्यावर मामांची पाठ दिसली, तेव्हा तिला आधी काही समजेचना.

आनंदीबाई चुलीपाशी फुंकर मारत होती. तिथूनच म्हणाली, "उसण भरलीय त्यांला. लाव पाय. औषधाला कसली आलीय लाज."

मामा बोलले नाहीत. रीतच तशी, पायाळूसमोर तोंड उघडायचं नाही. गंजिफ्रॉक घातलेली रुंद पाठ, मानेवर उन्हानं काळवंडलेला पट्टा, हात गुडघ्यांवर. नुसते बसून राहिले.

आता माधवीच्या पोटात काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिलाच नावं ठेवाल. भाताच्या आवणीच्या दिवसांत सगळं घर खाचरात असतं. माणसं मिळत नाहीत, उपटलेली रोपं त्याच दिवशी लावून संपवावी लागतात, म्हणून माधवीनंही दुकानातून रजा काढली होती. तिचा फोन घरी. मामांचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बांधावर. त्या दुपारी लोधिवलीहून तिच्या भावाचा, नवीनचा, फोन आला, तो मामांनी घेतला. आणि माधवीला कधी सांगितलं? शेवटचं खाचर लावून झाल्यावर. हातपाय धुताना. "लोधिवलीवरनं फोन आलाय, तुझ्या आईला बरं नाय, जाऊन ये." दहिवलीहून लोधिवली ती केवढी, चौकच्या रस्त्यानं अर्ध्या तासाची वाट. किरणनं गाडी पळवली. दिवेलागणीला पोचली तर अंगणात माणसं उभी, आणि आईला खाली काढून ठेवलेलं.

तिला वाटलं, आपलं नशीब. तेराव्याला नवीन म्हणाला, "अगं, मी तर जेवणाच्या वेळंलाच फोन केला व्हता मामांना. आई तवा बोलत व्हती." तेव्हा तिला कळलं. घरी येऊन ती भांडली नाही, किरणला सांगितलं नाही. काय सांगणार? बापाविरुद्ध लेकाला? ताट वाढत राहिली, पाणी देत राहिली, "मामा, चहा" म्हणत राहिली. ज्याला त्याला वाटलं, माधवी दुःखानं गप्प झालीय.

तर ती पाठ. पाय उचलेपर्यंत तिच्या मनात तसं काही नव्हतं, देवाशपथ सांगेल ती. पण पाय उचलला आणि डोळ्यांपुढे अंगणात काढून ठेवलेली आई आली, आणि टाच बसली. हलकी नाही. होता नव्हता तेवढा जोर लावून बसली. मामा उंबऱ्यावरून पुढे अंगणात गेले, तळहातांवर पडले. तोंडातून आवाज नाही. हळूहळू उठले, पडवीचा खांब धरला, आणि रीतीप्रमाणे मागे न बघता घराच्या कडेनं निघून गेले. माधवीचा पाय अजून हवेतच होता.

"लागला का बरोबर?" आनंदीबाईनं आतून विचारलं.

"लागला," माधवी म्हणाली.

दुपारपर्यंत मामांना सरळ उभं राहता येईना. दुसऱ्या दिवशी किरणनं कर्जतला डॉक्टरकडे नेलं. फोटो काढला. हाड शाबूत होतं, मणका जागेवर होता. स्नायू आखडलाय आणि तो वयामुळे सावकाश सुटेल, असं डॉक्टर म्हणाले. तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, रोज इथवर यायची गरज नाही, घरीच करता येईल. एका मोज्यात टेनिसचे दोन बॉल घालायचे आणि गाठ मारायची. मोजा पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरायचा, पाठीचा कणा दोन बॉलच्या मधोमध येईल असा, हाडावर जोर नको. गुडघे जरा वाकवून हळूहळू वर-खाली व्हायचं. जिथं आखडलेलं लागेल तिथं थांबायचं, श्वास सोडायचा. पायाकडे कळ गेली किंवा पाय बधिर वाटला तर बंद करून परत यायचं. माधवीनं सगळं नीट ऐकून घेतलं. साध्या उसणीनं माणूस एवढा वाकडा कसा झाला, हे त्या बाईंनी विचारलं तेव्हा किरण म्हणाला, "काम करताना झालं असंल." माधवी भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचत राहिली.

त्या संध्याकाळीच तिनं दोन बॉल आणले. किरणचा पांढरा मोजा घेतला, गाठ मारून मामांच्या खाटेशेजारी खुंटीला लावला. दुसऱ्या आठवड्यात शिळफाट्याला गेली तेव्हा हातगाडीवर लाकडी रोलर दिसला, पायाखाली फिरवायचा, तोही घेतला. मग वाकड्या दांड्याची काठी, मागे हात न नेता पाठीवरची गाठ दाबायची. मग काटेरी रबराचा चेंडू. महाग काहीच नव्हतं, सगळं भाजीच्या पिशवीतून यावं असलं. पण अपराधी माणूस बाजारात गेला की त्याचा हात थांबत नाही. दिसेल ते आणायची, मामांच्या खाटेशी ठेवायची, आणि कसं वापरायचं ते जमिनीकडे बघत सांगायची.

"घरात व्यायामशाळा काढतीस का गं?" किरण म्हणाला.

मजा अशी की बाकी सगळ्यांना त्याचा गुण आला. आनंदीबाई वाल सोलायला बसली की पायाखाली रोलर असायचाच. म्हणायची, टाच दुखायची थांबली. शेजारची नंदा काटेरी चेंडू मागून न्यायची आणि परत द्यायला विसरायची. आळीतला दशरथ एका सकाळी उसण घेऊन उंबऱ्यावर येऊन बसला, तर माधवीनं त्याला पाय लावला नाही. हाताला धरून उठवलं, भिंतीशी नेलं, बॉल कुठे धरायचा ते दाखवलं. तो बिचारा तोंड न उघडायची रीत पाळून होता, त्यामुळे त्याला नको म्हणताही येईना. दोन दिवसांनी हसत आला. "बरं हाय ह्ये, पन लाथंची मजा नाय."

माधवी त्यानंतर कुणालाच पाय लावेना. "माझाच पाय दुखतोय," म्हणायची. रात्री अंथरुणावर डावा पाय उजव्याखाली घेऊन झोपायची.

आणि आळीतल्या बायकांनी काय म्हणावं? "सून असावी तर अशी. सासऱ्यासाठी बाजार पालथा घातला पोरीनं." आनंदीबाई तर येईल त्याला सांगायची, "पोटची पोर करनार नाय एवढं करते." माधवीला ते शब्द चटका बसल्यासारखे लागायचे. एकदा तिनं सासूला सांगायचं ठरवलं. "आई, त्या दिवशी मी..." एवढं म्हणाली, आणि आनंदीबाई म्हणाली, "गप गं. तुझा पाय कमी पडला त्यात तुझी काय चूक? वय झालंय त्यांचं." मग पुढचं गिळलं. किरणला सांगायला गेली तर तो बापाला धरून न्हाणीत नेत होता. म्हातारा त्याच्या खांद्याएवढा राहिला होता, वाकलेला. ती तिथूनच मागे फिरली.

कारण मामांना काही बरं वाटेना. वाल पेरायच्या वेळी खाटेवर बसून राहिले. किरणनं सुटीच्या दिवशी गडी लावून पेरले. शेंगा भरल्या तरी म्हातारा वाकडाच. खाटेवरून उठताना दातांत ओठ धरायचे. माधवी रोज दुकानातून आली की विचारायची, "मामा, बॉल घेतला का पाठीला?" आणि मामा म्हणायचे, "घेतला गं." ती स्वतःशी म्हणायची, देवा, एवढी कंबर सरळ होऊ दे, मी पुन्हा काही मागणार नाही. म्हातारा असाच वाकडा मेला तर ते माझ्या पायानं. आईच्या पायाशी त्यानं मला पोचू दिलं नाही, खरं. पण मी त्याला जमिनीवर पाडलं. कुणाचं पारडं जड, हे तिला ठरवता येईना, आणि ठरवायचं तरी कुणासाठी?

एकदा दुकानमालकाच्या घरी लग्न म्हणून दुपारीच दुकान बंद झालं. माधवी घरी आली तर आनंदीबाई वालाच्या शेंगा काढायला गेली होती. मामा पडवीत खाटेवर बसलेले. माधवी पाणी द्यायला गेली आणि तिची नजर खुंटीवर गेली. मोजा तिथंच लटकत होता. तिनं तो हातात घेतला. घरच्या भिंती चुन्याच्या आणि जुन्या, हात लावला तरी पीठ लागतं, काजळी लागते. इतके दिवस भिंतीला घासलेला मोजा कसा दिसायला हवा? हा लग्नात घालून जाण्यासारखा पांढरा होता.

"मामा," ती म्हणाली, "ह्यो तुमी एकदाबी वापरला नाय."

मामा पाणी प्यायले. फुलपात्र खाली ठेवलं.

"काठी? रोलर?"

"रोलर तुझी सासू वापरते," मामा म्हणाले.

माधवी खाली, जमिनीवरच बसली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला सगळं ठाऊक आहे, आणि म्हणून त्यानं तिच्या हातचं औषध घेतलं नाही. घरातल्या सगळ्यांसमोर वाकडं होऊन बसायचं, आणि सुनेनं रोज ते बघायचं, हीच शिक्षा. मग ती लपवत बसली नाही.

"मी मुद्दाम मारली," ती म्हणाली. "त्या दिवशी. हलकी नाय मारली. जोर लावून मारली. मला आईचं ठाऊक व्हतं. नवीननं सांगितलं व्हतं, फोन कधी आला ते. राग आला आणि मारली. सासऱ्याला लाथ घातली मी. झालं, सांगून टाकलं. तुमच्या लेकाला सांगायचं तर सांगा."

मामा अंगणाकडे बघत होते. कोंबडी शेंगांच्या टरफलात पाय घासत होती.

"मला उसण भरली नव्हती," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"कंबर चांगली व्हती माझी. झोडणी केली, पेंढा रचला, कायबी झालं नव्हतं. तुझ्या सासूला खोटंच सांगितलं, उसण भरलीय म्हनून. तेराव्याला नवीन माझ्याशी बोलला नाय. नमस्कारबी केला नाय. तवाच कळलं मला, त्यानं तुला सांगितलं. मग वाटलं, आज भांडशील, उद्या भांडशील. तू ताट वाढायचीस. मला घास उतरंना. तुझ्यापुढं येऊन बोलावं म्हटलं तर जीभ उचलंना. सासरा मी. म्हटलं, जाऊन पाठ करून बसावं. मारायची असंल तर मारंल."

"आणि मी मारली."

"मारलीस."

माधवीला वाटलं होतं, हे कधीतरी बोलून झालं की छातीवरचा धोंडा उतरेल. धोंडा उतरला नाही. उलट असा राग आला की तिचे कान तापले. "म्हणजे तुमी मार खाल्लात आणि तुमचं फिटलं. आणि मी? दोन घास सुखानं खाल्ले नायत मी. लोकं मला चांगली म्हणतात तर तोंड कुठं लपवू असं होतं. तुमचं पाप फेडायला माझा पाय घेतलात, मामा? मला विचारलंत?"

"फिटलं कुठं," म्हातारा म्हणाला. "सकाळी उठताना कळ येते ना, तवा बरं वाटतं. वाटतं, चला, काहीतरी भोगतोय. ही गेली तर माझ्यापाशी नुसता तो फोन ऱ्हाईल. म्हनून नाय घेतला बॉल."

"काय म्हणाला नवीन फोनवर?"

तिला ठाऊक होतं. नवीननं शब्द न् शब्द सांगितला होता. पण तिला तो ह्या तोंडातून हवा होता.

मामांनी दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली. "म्हनाला, आईला दम लागलाय. माधवी, माधवी करते. लगेच पाठवा. मी म्हटलं, पाठवतो. आन् फोन पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली. रोपं पडली व्हती सगळी. तू माझ्या पुढ्यातच व्हतीस, वाकलेली. मोठ्यानं हाकबी मारायला लागली नसती. म्हटलं, एवढं खाचर होऊं दे. मग म्हटलं, एवढं एक. म्हातारी मरंल असं नव्हतं वाटलं गं मला."

माधवी रडली. आईच्या अंगणात लोकांसमोर रडली होती तसं नाही. तोंडावर पदर न घेता, सासऱ्यासमोर, नाक वाहेपर्यंत रडली. मामा तिला "रडू नको" म्हणाले नाहीत, तेवढी अक्कल त्यांना होती. गोष्टीतल्या सुना अशा वेळी सासऱ्याचे पाय धरतात आणि सासरे सुनेच्या डोक्यावर हात ठेवतात. इथं तसलं काही झालं नाही. "जाऊ द्या मामा, झालं गेलं" हे शब्द तिनं मनात जुळवून पाहिले, तोंडात आले नाहीत. खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

शेवटी तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

"मी तुमाला माफ नाय केलं," ती म्हणाली. "करीन का, ते बी सांगता येत नाय."

"नको करू."

"तुमच्या सांगण्यावर नाय ते. पण ही कळ माझी हाय. माझ्या टाचेची. ती तुमी जपून ठेवायची नाय. फोनचं तुमचं तुमच्यापाशी ठेवा, जन्मभर ठेवा. माझं मला उतरवू द्या. उठा."

ह्या घरात मामांना "उठा" असं कुणी म्हटलं नव्हतं, त्यांच्या आईनंतर. मग त्यांनी खाटेची कड धरली आणि उठायला लागले. माधवीनं हात दिला नाही; द्यावासा वाटला, पण नाही दिला. ते आपले आपण भिंतीशी आले, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. तिनं मोजा त्यांच्या पाठीमागे धरला, दोन बॉलच्या मध्ये कणा येतोय ना ते बोटांनी चाचपून पाहिलं, आणि बाजूला झाली.

"टेका आता. हळू. गुडघे वाकवा. श्वास सोडा."

मामा टेकले. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ दातांत गेला.

"ओठ सोडा," माधवी म्हणाली. "दुखलं तर सांगायचं. गप बसायचं नाय, आणि खोटंबी सांगायचं नाय."

मामांनी ओठ सोडला. तिच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"दुखतंय," ते म्हणाले.